छत्रीचं काळं वावर

मले पाहाले पाहुने चार वाजता येनार होते, आन् मायनं दुपारीच शेजारच्या शोभाताईचे हंस आनून भिंतीवर टांगले. काचेच्या फ्रेममधले पांढरे हंस, रेशमाच्या धाग्यानं भरलेले. मोहल्ल्यातल्या कितीतरी पोरींचं लग्न या हंसांवर जमलं. पाहुनी बाई विचारते, "हे कोनं भरलं?" आन् पोरीची माय सांगते, "आमच्या पोरीनं."

"मी नाई खोटं बोलनार," मी म्हटलं.

"तू तोंड बंद ठेव वं कौसे! शाळा सोडून बसली, आता हेबी मोडतं का?"

माही गोधडी तिनं पेटीमागं कोंबून ठेवली होती.

मांगच्या थंडीत आमी मामाच्या गावाले चाललो होतो. कुहीच्या स्टँडवर उतरलो त पुढची बस निंगून गेलेली. मंग वावरायच्या धुऱ्याधुऱ्यानं पायी. माय पुढं, मी मागं. धान कापून झालं होतं. वावराच्या एका बांधीत पिवळी धसकटं. दुसरीतली जाळून टाकलेली, काळीकुट्ट, अजून धूर निंगून राहिला होता. आन् मधातच एका बांधीत पानी राह्यलं होतं, त्यात सारं आभाळ. मी उभीच राह्यली.

"काय पाहून राहिली वं? काई नाई तिथं. चाल!"

असा राग आला मले! एवढं सारं होतं, आन् म्हने काई नाई.

घरी आल्यावर गोधडीसाठी बाबानं मिलीतून आनलेल्या चिंध्यांतून पिवळं निवडलं. काळं कुठंच भेटेना, त बाबाची फाटकी छत्री उसवली. पान्यासाठी माहा शाळेचा निळा स्कर्ट कापला. थो मायनं धाकटीसाठी ठेवला होता. लाटनं फेकून मारलं तिनं.

पाहुने आले. पोराची माय अंजनाबाई, संगं दोन मानसं. अंजनाबाई हंसांकडं पाहून खुश. "हात मस्त आहे पोरीचा. तूच भरले का वं?"

मायनं डोळे वटारले.

"नाई," मी म्हटलं, "शोभाताईनं. माहं हे आहे."

पेटीमागून गोधडी ओढली आन् त्यायच्या पुढं सतरंजीवर पसरली. अंजनाबाईनं टाके बोटानं चाचपले.

"टाका बारीक आहे. पन हे काळं काहून लावलं? लग्नाच्या पोरीनं काळं?"

"जाळलेली बांधी आहे थे."

"थेवढं काढून लाल लावशीन, त आमची ना नाई."

"काढते न! आजच काढते," माय घाईघाईनं बोल्ली.

"नाई काढत," मी म्हटलं. "जाळलेलं वावर लाल रायते का? तुमी पाह्यलं का कधी?"

पोहे अर्धे टाकून पाहुने उठले. "कळवतो," म्हने. कळवनार नाईत, हे बशाच सांगून राहिल्या होत्या.

"झालं समाधान?" मायनं हंस उतरवून माह्या हातात कोंबले. "जाय, देऊन ये."

देऊन आली आन् त्याच खिळ्यावर गोधडी अडकवली. एका कोपऱ्यावर लोंबत होती.

"काढ थे."

"नाई."

माय जवळ आली. मले वाटलं, आता ओढते. तिनं काळ्या चौकोनावर बोट ठेवलं. "हे इकडं नवतं. पान्याच्या पल्याड होतं."

"तुले त तिथं काई दिसलंच नवतं न?"

"पल्याड होतं म्हनते न मी!"

"इकडंच होतं," मी म्हटलं, आन् दुसरा खिळा ठोकला.