लाजऱ्याचे तीन नमुने

डोक्याने मी बरी आहे, जिभेने नाही. हे माझ्या नवऱ्यापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. दादाला तर मी बोलायला लागले तेव्हापासून. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वळू केंद्रात तो वळूंची देखभाल करतो आणि त्याच केंद्राच्या प्रयोगशाळेत मी वळूंचं वीर्य तपासते. वळूंमधलं वंध्यत्व पिढ्यान्‌पिढ्या कसं उतरतं, हा माझ्या संशोधनाचा विषय. पाहुण्यांनी विचारलं की आई अजूनही घाईघाईने चहा टाकायला उठते.

लाजऱ्या आमचा पाच वर्षांचा वळू. अनोळखी माणूस समोर असला की हा धटिंगण भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा, म्हणून दादाने ठेवलेलं नाव. नमुना घ्यायच्या वेळी दादा आम्हा डॉक्टर मंडळींना बिनदिक्कत हाकलायचा. "व्हा बाहेर, पोराला संकोच होतोय!"

उन्हाळा सरता सरता लाजऱ्याचे लागोपाठ तीन नमुने खराब निघाले. सूक्ष्मदर्शकाखाली निम्म्याहून जास्त शुक्रजंतू नुसते पडून होते, कित्येकांच्या शेपट्या वाकड्या. मी खूश झाले. हो, खूशच झाले, खोटं कशाला बोलू? ज्या जनुकामागे मी चार वर्षं हात धुऊन लागले होते, त्यातला दोष असाच दिसतो. मी लगेच त्याचं रक्त मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलं. रिपोर्टला महिना लागणार होता आणि निवड समितीची बैठक त्याआधीच होती.

बैठकीपूर्वी मी आजारांचं रजिस्टर उघडलं. लाजऱ्याच्या पानावर सहा महिन्यांत एक ओळ नव्हती. आजार नाही, म्हणजे दोष उपजतच. बैठकीत मी ठासून सांगितलं, "याचं वीर्य बाहेर गेलं तर पुढच्या पिढ्या बाद होतील." सगळ्यांनी माना डोलावल्या. बाद वळू कुठे पाठवतात, ते काय सांगायचं?

त्या संध्याकाळी दादा माझ्या घरी आला. चप्पल काढून दारातच उभा राहिला.

"दोन महिने थांबता नाही का येणार गं?"

"कशाला? तुझा जीव जडलाय म्हणून? दादा, हे शास्त्र आहे, लाड नाहीत. तुला त्यातलं काय कळतंय?"

"तेही खरंच," तो म्हणाला आणि पाणीसुद्धा न पिता गेला.

सोमवारी गाडी आली. लाजऱ्या फळीवर पाय ठेवेना. शेवटी दादा पुढे चढला, तेव्हा तो मुकाट्याने त्याच्या मागून गेला. मी खिडकीतून पाहिलं आणि पुन्हा कामाला लागले.

नऊ दिवसांनी रिपोर्ट आला. जनुकात काडीचाही दोष नव्हता. मी दोनदा वाचला. कागद हातात घेऊन तशीच गोठ्याकडे गेले. दादा रिकामी जागा पाण्याने धूत होता.

"दादा, लाजऱ्या मध्ये कधी आजारी होता का रे?"

"होता की. त्या कडक उन्हाच्या आठवड्यात चार दिवस नुसता फणफणला होता. डॉक्टर रजेवर होते. मी ओली पोती टाकून बसलो त्याच्याजवळ. पाचव्या दिवशी खायला लागला."

मी हिशोब केला. पहिल्या खराब नमुन्याच्या बरोबर पाच आठवडे आधी. शुक्रजंतू तयार व्हायला दोन महिने लागतात. ताप आला की तेव्हा घडत असलेले बिघडतात, काही आठवड्यांनी नमुन्यात दिसतात आणि मग सगळं आपोआप सावरतं. हे मी विद्यार्थ्यांना पहिल्या तासाला शिकवते. दादाला ते कुणी शिकवलं नव्हतं, त्याने वीस वर्षं वळू पाहिले होते.

"मग रजिस्टरमध्ये का नाही लिहिलंस?" माझा आवाज चढलाच.

"तूच म्हणालीस ना, तुझे कोंबडीचे पाय पानावर उमटवू नकोस, डॉक्टर लिहितील म्हणून."

म्हणाले होते. सगळ्यांसमोर, हसत हसत. माझी मलाच लाज वाटली.

"अरे, पण त्या दिवशी घरी आलास तेव्हा तरी सांगायचंस! तोंड शिवलं होतं का तुझं?"

दादाने नळ बंद केला. "अगं, एवढं मोठं यंत्र तुझं. मला वाटलं, ताप त्यात दिसलाच असणार. तरी तू थांबत नाहीस, म्हणजे पोराच्या आत आणखी काहीतरी वाईट असणार. मी मनाची तीच समजूत घातली." मग त्याने माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. "होतं ना गं काहीतरी?"

मी हो म्हणावं, असं त्याच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं. हो म्हणणं सोपंही होतं, त्याला तो इंग्रजी कागद वाचता येणार नव्हता.

"नाही रे दादा," मी म्हणाले. "तो अगदी चांगला होता."