जेलमधलं हळदीकुंकू

यंदाचं हळदीकुंकू जेलमध्ये करायचं, ही टूम माझीच. घोडपदेवच्या आमच्या महिला मंडळाची मी अध्यक्ष, त्यामुळे कुणी नाही म्हणालं नाही. आमचं मंडळ तसं पुढारलेलं हां. विधवांनाही आम्ही कुंकू लावतो. ते मी भांडून सुरू केलंय आणि जिथे जाईन तिथे सांगतेही.

जेलच्या मॅडमनी दारातच बजावलं, "कुणालाही गुन्हा विचारायचा नाही." मी म्हटलं, "एवढी अक्कल आहे आम्हाला."

आत बायका केस विंचरून रांगेत उभ्या होत्या. आमच्या मंडळातली मानसी हळद लावायची, मी कुंकू लावून वाणाचा साबण द्यायची. सगळं कसं गप्पगप्प चाललेलं, आणि मला ते सोसत नाही. म्हटलं, "नाव घेतल्याशिवाय वाण नाही मिळायचं." दोघीतिघींनी लाजत नवऱ्याचं नाव घेतलं, हशा झाला. मला चेवच आला.

मग माझ्या सुनेच्या वयाची एक मुलगी पुढे आली. "मावशी, मला नको नाव घ्यायला."

"लाजतेस काय, घे की." मी साबण पाठीमागे धरला. मागच्या बायका म्हणाल्या, "जाऊ द्या ना, श्रेयाला नाव घ्यायला नका लावू." पण मी सोडते कसली.

शेवटी ती हळूच म्हणाली, "सुशांत. त्याला मी मारलं म्हणून केस आहे. निकाल लागायचाय अजून." आणि तिने कपाळ पुढे केलं.

माझा हात तिथेच थांबला. नवऱ्याला खाल्लंन हिने, असं मनात आलं माझ्या. सांगायलाही लाज वाटते. साबण तिच्या हातात कोंबला, "बरं बरं" म्हटलं आणि पुढचीकडे वळले.

श्रेया तशीच भिंतीपाशी जाऊन बसली. पुढची बाई म्हणाली, "राहू द्या." तीही श्रेयाशेजारी जाऊन बसली. मग तिच्या मागची. बघता बघता सगळी रांग जाऊन बसली. वाकडा शब्द कुणी बोललं नाही. बोलल्या असत्या तर मी भांडले तरी असते.

करंडा हातात घेऊन मी मेल्याहून मेल्यासारखी उभी. मानसी कानाशी म्हणाली, "काकी, जा, लावा तिला." गेले. श्रेयासमोर खाली बसले. "चुकलं गं माझं," म्हटलं आणि बोट कुंकवात बुडवलं.

तिने माझा हात धरून हलकेच खाली केला.

"आता नको, मावशी. आता तुम्ही तुमच्यासाठी लावाल."

खरंच होतं ते.