मळ्यातलं धुकं

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातली सकाळपाळी संपवून आई घरी आली, तेव्हा टिटवी बाथरूममध्ये केस धूत होती. टिटवी हे तिचं घरातलं नाव. चालू झाली की थांबायची नाही, म्हणून आईनेच ठेवलेलं. आताही दार बंद असून तिचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत पोचत होता.

"आई, आलीस का? टॅबलेट घे ना. माझे मुळे वाळतील. पाणी घाल त्यांना."

"अगं, मला कुठे जमतंय ते?"

"निळ्या झारीला बोट लाव आणि वाफ्यावरून फिरव. माझ्या डोळ्यांत फेस जातोय."

आईने पदराला हात पुसले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. पहाटेपासून ओल्या चादरी उचलून तिचं डावं मनगट ठणकत होतं. ते हाड एकदा मोडून नीट न बसलेलं होतं. पडद्यावर लेकीचा मळा उघडाच होता. खेळ तसा साधा. पेरायचं, पाणी घालायचं, रानातून येणाऱ्या चित्रविचित्र प्राण्यांना दाणा टाकून माणसाळवायचं. प्राणी माणसाळला की त्याचा पत्ता होऊन आपल्या हाती येतो, आणि मग शेजारच्या मळेवाल्यांशी पत्त्यांची झुंज लावायची. टिटवीला त्यातली सगळ्यात आवडती गंमत म्हणजे हवा. आपण राहतो तिथे पाऊस पडला की मळ्यातही पाऊस पडतो. आज खिडकीबाहेर धुकं दाटलं होतं, समोरची इमारतही दिसत नव्हती, आणि मळ्यातही मुळ्यांच्या वाफ्यांवर तसंच पांढरं धुकं पसरलं होतं.

आईने पाणी घातलं. वाफ्याला थोडं, बुजगावण्याला बरंच, आणि एका कोंबडीला तर पार न्हाऊ घातलं. ती स्वतःशीच हसत होती, तेवढ्यात कुंपणापाशी गवती टोपी घातलेला एक म्हातारा येऊन उभा राहिला. डोक्यावर नाव होतं, बांधशेजारी. टिटवीच्या बडबडीत हे नाव मधूनमधून येई. असेल कुणी शाळेतलं पोरटं, असं आईने धरलं होतं. त्याने झुंजीला बोलावलं. लेकीचा खेळ बुडायला नको म्हणून तिने होकाराला बोट लावलं आणि हाताला येईल तो पत्ता टाकला. दगड्या नावाचं कासव होतं ते. समोरून काजळघार आली आणि कासव उलथं पडलं.

मग खाली अक्षरं उमटली. "आज लक्ष कुठेय? शहाण्यासारखी खेळ, म्हणजे कुणाला लागणार नाही."

आईने ते पुन्हा वाचलं.

हे वाक्य तिने ऐकलं होतं. अंगणात, जिन्यात, दाराला आतून कडी लागल्यावर. शहाण्यासारखी वाग, म्हणजे कुणाला लागणार नाही. तिचा नवरा कधी आवाज चढवायचा नाही. हेच वाक्य शांतपणे म्हणायचा आणि मग हात उचलायचा. मनगट मोडलं त्या दिवशीही म्हणाला होता.

घर सोडताना तिने सगळी काळजी घेतली होती. सिम बदललं, शाळा बदलली, केस कापले, महिलांच्या संस्थेतल्या ताईंनी कोर्टाचा हुकूम मिळवून दिला. त्याने जवळ यायचं नाही, कसलाही संपर्क करायचा नाही. नवा पत्ता तर सख्ख्या भावालाही दिला नव्हता. पण मळा जुनाच राहिला. पोरीचं तेवढंच एक खेळणं बरोबर आलं होतं, ते कोण काढून घेणार? हा मळा बापलेकीने मिळून मांडला होता, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

"काय झालं? बोलत का नाहीस?" पडद्यावर आलं.

पडदा बंद करावा असं तिला वाटलं. पण बंद केला तर त्याला कळेल की ओळखलं. तिने लेक लिहील तसं लिहिलं, "केस धुवून आले."

"बरं. समुद्र शांत आहे का आज?"

समुद्र? या गावापासून समुद्र कुठल्या कुठे. तिला काही सुधरेना. तेवढ्यात पुढची ओळ आली.

"उद्या मी बंदरावर येतोय. तुझ्यासाठी भेट आणतोय. आईला सांगायचं नाही, आपलं ठरलंय."

आणि लगेच त्याखाली, "पण तुझ्या मळ्यात धुकं कसं? बंदरावर तर आज लख्ख ऊन आहे. मी हवामानात बघितलं."

मागे दार वाजलं. टिटवी डोक्याला पंचा गुंडाळून आली होती. तिने आधी पडद्याकडे बघितलं, मग आईच्या चेहऱ्याकडे. एरवी तोंड न मिटणारी ती पोर एक शब्द बोलली नाही. पुढे झाली, आईच्या हातातून टॅबलेट घेतला आणि झरझर लिहिलं, "धुक्याची छत्री लावलीये. अळंबी असते ती. लावली की दिवसभर धुकं राहतं. तुमच्याकडे नाहीये?"

"खरंच असली अळंबी आहे खेळात?" आईने कुजबुजत विचारलं.

"नाही."

दोघी पडद्याकडे बघत बसल्या. गवती टोपीवाला म्हातारा कुंपणाशी हलत नव्हता. बाहेर जिन्यात कुणाची तरी पावलं वाजली, तशी आईने दाराच्या कडीकडे बघितलं. कडी लावलेली होती. पावलं वरच्या मजल्यावर गेली. टिटवीच्या केसांतलं पाणी पडद्यावर ठिबकत होतं आणि ते पुसायचंही तिला भान नव्हतं.

"मला पण दे एक," अखेर आलं.

"झुंजीत जिंकून घ्या," टिटवीने लिहिलं आणि पत्ता टाकला.

म्हाताऱ्यानेही पत्ता काढला. त्याला पटलं होतं, निदान आत्तापुरतं तरी.

"तुला कधी कळलं?" आईने विचारलं.

"पहिल्याच दिवशी. ते शहाण्यासारखं खेळायचं वाक्य मला माहीतेय ना." टिटवी पडद्यावरची नजर न काढता बोलत होती. "मी गप्प बसले असते तर त्याने दुसरीकडून शोधलं असतं. म्हणून म्हटलं आम्ही बंदरावर राहतो. बोटींचं सगळं पुस्तकात वाचून सांगितलं."

"मला का नाही सांगितलंस गं?"

"तू परत सामान बांधलं असतंस." टिटवीने पडद्यावरचं पाणी पुसलं. "आणि तू दाराला खुर्ची लावून झोपायचं नुकतंच सोडलं होतंस."

आईने लेकीला जवळ ओढलं आणि दुसऱ्या हाताने ताईंना फोन लावला. ताईंनी सगळं ऐकून घेतलं.

"पडद्याचे फोटो काढ, एकही ओळ सोडू नकोस," त्या म्हणाल्या. "हुकूम मोडलाय त्याने. बंदराच्या पोलिसांशी मी बोलते. उद्या नक्की कुठे येणार, एवढं कळलं तर बरं होईल. पण पोरीला यातून बाहेर काढ आता."

"दे इकडे," आई लेकीला म्हणाली. "तू केस पूस."

"तुला नीट जमणार नाही. तू शब्दांत चुका करत नाहीस. मी करते."

मग लेकीने चुका सांगितल्या आणि आईने लिहिलं. भेट कुठे आणणार? बोटीच्या तिकीटखिडकीपाशी येऊ का? उत्तर यायला वेळ लागला. तोवर आईने त्या म्हाताऱ्याच्या टोपीची काडी न् काडी बघून घेतली. मग आलं, "हो. एकटीच ये. शहाण्यासारखी."

दुसऱ्या दिवशी आईने टिटवीला शाळेत पाठवलं नाही. धुलाईखान्यात बरोबर नेलं. मोठ्या बाईंनी, म्हणजे तिथल्या मुकादमीणबाईंनी, काही न विचारता पोरीला घडी केलेल्या चादरींच्या ढिगामागे स्टूल दिलं. वाफेच्या रोलरमधून गरम चादरी बाहेर येत होत्या आणि आईच्या हातून एकाही चादरीचे कोपरे जुळत नव्हते. दार ढकललं गेलं की दोघींच्या माना एकदम वळायच्या. कधी कपड्यांची गाडी यायची, कधी वॉर्डमधला माणूस. त्याने पोलीस ओळखले तर? तो बंदराऐवजी धुक्याचा माग काढत इकडेच निघाला असेल तर?

"दे, दुसरं टोक मी धरते," मोठ्या बाई म्हणाल्या. दोघी घड्या घालत राहिल्या.

जेवणाची सुट्टी होऊन गेल्यावर ताईंचा फोन आला. तिकीटखिडकीपाशी तो मिळाला होता. हातात रंगीत कागदात बांधलेला खोका. पोलिसांशी अगदी सभ्यपणे बोलला म्हणे, लेकीला भेटायला आलेल्या कुठल्याही बापासारखा. खोक्यात बाहुली होती. गाडीत दोरी आणि झोपेच्या गोळ्या सापडल्या. आता तो लवकर सुटत नाही, असं ताई म्हणाल्या.

आई तिथेच जमिनीवर बसली. टिटवी ढिगामागून आली आणि तिला खेटून बसली. गाडीत काय सापडलं ते आईने तिला सांगितलं नाही. नुसतं म्हणाली, "धरलं त्याला."

"मग आता सामान बांधायचं नाही?"

"नाही."

घरी परतताना धुकं विरलं होतं. वाटेत टिटवी पुन्हा बोलायला लागली होती, नेहमीसारखी, गाडी रुळावर आल्यासारखी. आई हूं हूं करत होती, पण तिच्या मनात अजून एक भीती कुठेतरी टोचत होती. ही एवढीशी पोर इतके दिवस असं सफाईने खोटं बोलत होती, आणि समोर बसून आपल्याला पत्ता लागला नाही.

कोपऱ्यावर आई थांबली. "टिटवे, माझ्याशीही खोटं बोलतेस का गं तू?"

टिटवीने जरा विचार केला. "तू विचारतेस ना, भीती वाटते का, तेव्हा बोलते."

आईने तिचा हात धरला. दुखऱ्या मनगटाच्या हाताने धरला होता, पण सोडला नाही. "मग आज विचारते. खरं सांग."

"खूप वाटतेय," टिटवी म्हणाली.

"मलाही," आई म्हणाली, आणि दोघी रस्ता ओलांडून घराकडे निघाल्या.