सान व्हितोच्या वाटेवरचं पाणी

निवेसबाईंना ते कळलं तेव्हा दुपारचा दीड वाजून गेला होता, आणि कळलं तेही बोलता बोलता.

चौकातल्या बारमध्ये त्या रोजच्यासारख्या उभ्याउभ्याच कॉफी घेत होत्या. बारवाली ओरिएत्ता बाहेरच्या खुर्च्या एकीवर एक चढवत होती. आता चारपर्यंत दार बंद.

"बाई, ते दोघं म्हातारे एवढ्या उन्हात कुठे निघाले होते हो? तो टोपीवाला आणि त्याची ती उंच बायको?"

"होल्गर आणि बिर्थे. डेन्मार्कचे आहेत. दुपारी सगळं बंद असतं, मग आम्ही करायचं काय, म्हणून विचारत होते. मी सान व्हितोच्या चॅपेलची वाट दाखवली. झाडी आहे, चढ फारसा नाही."

"पाणी होतं ना बरोबर?"

"एक लहान बाटली होती. पण अर्ध्या वाटेवर झरा आहे की."

ओरिएत्ताच्या हातातली खुर्ची तशीच राहिली. "झरा? अहो बाई, झरा मंगळवारपासून बंद आहे. पाणी खराब निघालं म्हणून नगरपालिकेने नळच काढून नेला. पाटी लावलीय ना."

"कुठे?"

"झऱ्यापाशी."

निवेसबाईंनी कप खाली ठेवला, तो बशीत न बसता काठावर आपटला.

रोक्कामोर्ना गावच्या शाळेत त्यांनी चौतीस वर्षं शिकवलं होतं. ओरिएत्तालाही त्यांनीच बेरीज-वजाबाकी शिकवली होती. निवृत्त झाल्यावर नगरपालिकेने त्यांना वेशीजवळची खोली दिली, एक टेबल दिलं आणि पाहुण्यांना माहिती द्यायचं काम दिलं. पाहुण्यांना द्यायचा पिवळा कागद त्यांनी शब्दकोश बघत, स्वतःच्या हाताने इंग्रजीत लिहिला होता. गाडी वेशीच्या आत आणू नका, कॅमेरा आहे, दंड होतो. दुकानात शिरताना आधी नमस्कार करा, मग काय हवं ते सांगा. फळं स्वतः चिवडू नका, दुकानदार निवडून देईल. चर्चमध्ये जाताना खांदे झाका. बसचं तिकीट बसमध्ये मिळत नाही, तंबाखूच्या दुकानातून आधीच घ्या. एक ते चार गाव झोपतं. त्या वेळात कुणाच्या दाराची घंटा वाजवू नका. शेवटची ओळ होती: सान व्हितोच्या झऱ्याचं पाणी गार आणि गोड आहे, बाटली तिथे भरून घ्या.

त्या म्हाताऱ्याने सकाळी टेबलापाशी उभं राहून तो कागद बोट फिरवत अख्खा वाचला होता. मग खिशातून डबी काढून एक गोळी घेतली आणि छातीवर हात ठेवून हसत म्हणाला होता, "हे जुनं यंत्र."

तेव्हा निवेसबाईही हसल्या होत्या. आता ते आठवून त्यांनी फोन बाहेर काढला.

"रुग्णवाहिकेला फोन करू?"

"काय सांगणार? दोघं फिरायला गेलेत म्हणून?" ओरिएत्ता म्हणाली. "येतीलही परत."

"साडेअकराला गेलेत ते, ओरिएत्ता. जाऊन-येऊन अडीच तासांची वाट आहे, आणि वाटेत पाणी नाही."

गावच्या पोलिसाला फोन लावला. घंटा वाजून वाजून बंद झाली. झऱ्यापर्यंत गाडी जाते ती फक्त वनखात्याच्या रस्त्याने, आणि त्याला फाटक आहे. फाटकाची किल्ली वनखात्याचं काम बघणाऱ्या ओरेस्तेकडे.

ओरेस्तेचं नाव निघालं तशी ओरिएत्ता पुन्हा खुर्च्या रचायला लागली. तीन वर्षांपूर्वी त्याच्या शिकारी कुत्र्यांच्या भुंकण्याची तक्रार निवेसबाईंनी नगरपालिकेत केली होती. दोन्ही कुत्री त्याला दुसऱ्या गावी द्यावी लागली. तेव्हापासून समोरासमोर आले तरी तो भिंतीकडे बघत निघून जाई.

त्याची गल्ली भट्टीसारखी तापली होती. सगळ्या खिडक्या मिटलेल्या, कुठे भांड्याचाही आवाज नाही. निवेसबाई घंटेवर बोट ठेवून उभ्या राहिल्या. म्हातारा-म्हातारी एव्हाना गावात परतली असतील, खोलीवर पाय वर करून पडली असतील, आणि आपण उगाच ह्या माणसाला झोपेतून उठवू. मग उद्यापर्यंत गावभर होईल, बाईंचं आता वय झालं. बोट घंटेवरच होतं. मग छातीवर हात ठेवून हसणारा तो चेहरा पुन्हा डोळ्यांपुढे आला आणि त्यांनी घंटा दाबली. एकदा, दोनदा, मग दाबूनच धरली.

वरून कुणीतरी ओरडलं, "मेलंय का कुणी?"

दार उघडलं. ओरेस्ते बनियनवर होता, गालावर उशीची घडी उमटलेली.

"अरे वा! बाई!" तो म्हणाला. "आता कुणाचं भुंकणं ऐकू आलं?"

"ओरेस्ते, काय बोलायचं ते नंतर बोला. मी दोन माणसांना सान व्हितोला पाठवलंय. झरा बंद आहे ते मला ठाऊक नव्हतं. त्यांच्याकडे पाणी नाही. त्यातल्या म्हाताऱ्याला हृदयाचं दुखणं आहे."

तो वळून आत गेला, आणि बाईंना वाटलं, गेला, पुन्हा झोपला. पण तो सदऱ्याची बटणं लावत बाहेर आला. एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात पाण्याचा पाच लिटरचा कॅन.

"बसा," तो जीपकडे बोट करून म्हणाला. "आणि दार जोरात ओढा, नीट लागत नाही."

फाटकाचं कुलूप गंजलेलं होतं. ते निघेपर्यंत निवेसबाईंनी चार वेळा घड्याळ पाहिलं.

झऱ्यापाशी कुणी नव्हतं. दगडी कुंडीत वाळकी पानं, नळाच्या जागी कोंबलेली चिंधी, आणि वर नवीकोरी पाटी. ओरेस्तेने हाका मारल्या. त्याचा आवाज दरीत जाऊन आला. तो वाकून धुळीतले ठसे बघायला लागला.

"वर गेलेच नाहीत," तो म्हणाला. "इथून मागे फिरलेत. हे बघा, काठीची खूण. आणि हा पाय ओढत चाललाय."

"ओढत?"

"बसा गाडीत, बाई."

खालचा गाडीरस्ता ओढ्याकाठच्या मळ्याकडे उतरतो. वळणावर निवेसबाईंना आधी ती टोपी दिसली. मळ्याच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे अक्रोडाच्या झाडाखाली होल्गर खोडाला टेकून बसला होता. तोंड पांढरंफटक, ओठ कोरडे, डोळे अर्धवट मिटलेले. बिर्थे पिवळ्या कागदाने त्याला वारा घालत होती. घरापासून वीस पावलांवर. दाराशेजारी घंटा लटकत होती.

ओरेस्तेने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, रुमाल भिजवून मानेवर ठेवला आणि घोट घोट पाणी पाजायला लागला. "हळू, आजोबा, हळू. सगळं तुमचंच आहे."

"घर इथे होतं," निवेसबाई तोडक्यामोडक्या इंग्रजीत बिर्थेला म्हणाल्या. "आत माणसं आहेत. हाक का नाही मारलीत?"

बिर्थेने मनगटावरचं घड्याळ पुढे केलं. तीनला दहा मिनिटं कमी होती. मग तिने कागदावरची घंटा न वाजवण्याची ओळ बोटाने दाखवली आणि म्हणाली, "आम्ही चार वाजायची वाट बघत होतो."

ओरेस्तेने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. टोमणा मारायला याहून चांगली संधी त्याला जन्मात मिळाली नसती. तो एवढंच म्हणाला, "बाई, ती घंटा वाजवा आणि रुग्णवाहिका बोलवायला सांगा. इथे मोबाइलला रेंज नाही."

रुग्णवाहिकेत बिर्थेसोबत निवेसबाईच चढल्या. भाषा समजणारं दुसरं कोण होतं? खालच्या शहरातल्या इस्पितळात परिचारिकेने फॉर्म पुढे ओढला. नाव, वय, औषधं. बिर्थे सांगत गेली, बाई ते परिचारिकेला सांगत गेल्या.

"आणि तुम्ही कोण यांच्या?"

"मी..." निवेसबाई म्हणाल्या, "मी त्यांना तिकडे पाठवलं."

परिचारिकेने पेन थांबवून पाहिलं आणि लिहिलं: ओळखीच्या.

मग दीड तास दोघी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या. बिर्थे नवऱ्याची टोपी मांडीवर घेऊन तिची कड दुमडत होती, उलगडत होती. दार उघडलं की दोघी उठून उभ्या राहत, आणि दरवेळी दुसरंच कुणी बाहेर येई. माफी कशी मागावी याची निवेसबाई मनातल्या मनात वाक्यं जुळवत होत्या. इंग्रजीत एकही धड जुळत नव्हतं.

शेवटी तरुण डॉक्टरीणबाई आली. घाईत होती, भरभर बोलली. ऊन लागलं, अंगातलं पाणी फार कमी झालं होतं, सलाइन लावलंय. हृदयाला काही झालेलं नाही. आजची रात्र ठेवू, उद्या घरी सोडू.

बिर्थे उभी राहून एकदा डॉक्टरीणबाईच्या, एकदा निवेसबाईंच्या तोंडाकडे बघत होती. निवेसबाई तिच्याकडे वळल्या, सांगायला तोंड उघडलं. आणि त्या हुंदके देऊन रडायला लागल्या.

बिर्थेच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. टोपी खाली पडली. तिने खुर्चीची पाठ धरली.

"नाही! नाही, नाही!" निवेसबाई ओरडल्या. मान हलवली, हात हलवले, काय करावं ते सुचेना म्हणून तिचे दोन्ही खांदे धरून तिला हलवलं. "चांगला! होल्गर चांगला! उद्या घरी!"

समजायला बिर्थेला थोडा वेळ लागला. मग तिने निवेसबाईंच्या दंडावर एक जोराची चापट मारली, चांगली सणसणीत, आणि त्यांच्याच खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली.

परिचारिका दारातून डोकावली. "अहो, हळू. इथे रुग्ण झोपलेत."