देवाच्या भिंतीला ओळंबा कशाला?

मी ओळंबा बोलतोय. गवंड्याच्या पिशवीत तळाशी पडलेला, दोरीला बांधलेला पितळी गोळा पाहिलाय ना कधी? तोच मी. भिंतीच्या वरच्या विटेपासून मला खाली सोडतात. मी सरळ लोंबकळतो. भिंतही माझ्यासारखी सरळ असली तर ठीक, नाहीतर गवंड्याचं तोंड वाकडं होतं. जन्मभर दुसऱ्यांचा वाकडेपणा दाखवून दाखवून माझा स्वभाव जरा फटकळ झालाय, तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म लेथच्या यंत्रावर झाला. कारागिरानं मला असं काही गरगरा फिरवलं, की निमूट सरळ राहायची आवड मला तिथेच लागली असावी. मग काही महिने दुकानात खिळ्यांच्या डब्याशेजारी काढले. एके दिवशी आमचे मिस्त्री आले. त्यांनी मला दोरीला लटकवून बघितलं, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "हा खोटं बोलणार नाही." त्या दिवसापासून मी त्यांचा.

मिस्त्रींचा हात सोन्यासारखा होता. दर पाच थरांनी मला खाली सोडल्याशिवाय ते सहावा थर लावत नसत. देवावर त्यांची भारी श्रद्धा. पण खरं सांगू का, त्यांची प्रार्थना म्हणजे वाण्याकडे द्यायची यादी असे. परांची पडू नये, सिमेंट वेळेवर यावं, पाऊस दुपारनंतर यावा, गुडघा दुखू नये. शेवटी "आणि सगळ्यांचं भलं कर" हे घाईघाईत.

त्यांचे जोडीदार नाना गिलावा करायचे. नाना देव मानत नसत. मिस्त्रींनी हात जोडले, की नाना तंबाखू मळत विचारायचे, "काय, आज यादीत काय काय?"

"तुला नाही कळायचं," मिस्त्री म्हणायचे.

वीस वर्षं हा एकच वाद चालू होता. दोघांपैकी कुणी एक इंच हलला नाही आणि दोघांचा डबा मात्र एकाच फडक्यावर उघडायचा.

मग मिस्त्रींची बायको आजारी पडली. हृदयाची झडप बदलायची ठरली. मिस्त्रींचा चेहरा सिमेंटच्या ओल्या मालासारखा उतरला. त्याच सुमारास आमच्याकडे प्रार्थनाघराचं काम होतं. मिस्त्रींनी देवाला शब्द दिला, "ऑपरेशनच्या आधी तुझी मागची भिंत मी एकट्यानं उभी करतो. तू तिला वाचव."

आठ दिवस होते. मिस्त्री झपाटल्यासारखे विटा लावत सुटले. तोंडानं देवाचं नाव, मन दवाखान्यात आणि मी पिशवीत, डब्याच्या खाली! पहिले पाच थर झाले, दहा झाले, मला कुणी हात लावेना. पंधराव्या थराला त्यांनी पिशवीत हात घातला, माझी दोरी बोटांना लागली. माझा जीव हरखला. पण ते स्वतःशीच पुटपुटले, "देवाची भिंत आहे. तिला ओळंबा कशाला? तो बघून घेईल." आणि त्यांनी पाण्याची बाटली काढली.

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. अहो, देवानं बघायचं तर मला कशाला घडवलं?

ऑपरेशन छान झालं. महिन्याभरानं बाई घरात हिंडू-फिरू लागल्या. मिस्त्रींना आकाश ठेंगणं झालं. त्याच आठवड्यात नाना गिलाव्याचा अंदाज घ्यायला त्या भिंतीपाशी गेले. छप्पर अजून चढायचं होतं. नानांनी एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला. मग पिशवीतून मला काढून वरून खाली सोडलं.

भिंत वरच्या बाजूला दोन बोटं पुढे आली होती.

"गिलाव्यात झाकता येईल," मिस्त्री हळूच म्हणाले.

"झाकता येईल. पण मी झाकणार नाही. पाड ती."

मिस्त्रींनी भिंतीवर तळहात ठेवला. "नाना, ही तिच्यासाठी दिलेल्या शब्दाची भिंत आहे. पाडली आणि तिचं काही बरंवाईट झालं तर?"

नाना एरवी एकाला दोन उत्तरं देणारे, पण तेव्हा ते मिस्त्रींशेजारी विटांवर टेकले. मिस्त्रींची बायको त्यांचीही वहिनी होती. शेवटी मलाच खिशात घालून मिस्त्री घरी गेले आणि बायकोला सगळं सांगितलं.

बाई भाजी निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि खळखळून हसल्या. "अहो, देव म्हणजे काय शेजारची काकू आहे, दिलेली वाटी परत मागायला? त्यानं मला बरं केलं असेल तर माझ्यावर माया होती म्हणून केलं असेल. विटा मोजून नाही. आणि त्याच्याच घरात वाकडी भिंत ठेवून तुम्ही कुठल्या तोंडानं हात जोडणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी घण पडला. नानाही हजर. जुन्या विटांना चिकटलेला माल खरवडत बसले. मिस्त्री म्हणाले, "तू कशाला आलास? तू तर मानत नाहीस."

"देवाला नाही मानत. भिंतीला मानतो," नाना म्हणाले.

यावेळी दर पाच थरांनी मी खाली उतरलो. असा मिरवलो म्हणून सांगू! कामाला लागण्याआधी मिस्त्रींनी हात जोडले तेव्हा नानांनी सवयीनं विचारलं, "आज काय मागितलंस?"

"काही नाही. नुसतं सांगितलं, की ती पुन्हा भाजीत मीठ जास्त घालायला लागली."

नाना हसले आणि मग बराच वेळ घमेल्यात उगाच थापी फिरवत राहिले. त्यांचे डोळे ओले झाले होते, मी जवळून पाहिले.

आता मी मिस्त्रींच्या घरी खुंटीवर आहे. साइटवर माझ्या जागी लाल रेघ मारणारं लेसरचं यंत्र आलंय. नाना रोज चहाला येतात आणि वाद अजून चालूच आहे. देव मानावा की न मानावा, याचा निकाल माझ्याकडे मागू नका. मला खाली ओढतं कोण, ते मीही कधी पाहिलेलं नाही. पण वाचकहो, मानत असाल तर त्याच्याकडे कधीतरी यादी न घेता जा. आणि मानत असाल, नसाल, भिंत बांधायला घेतलीत तर माझ्यासारख्या एखाद्याला पिशवीत ठेवू नका.

आत्ताच बाईंनी आतून हाक मारली, "अहो, नानाभावजी, जेवूनच जा!" मिस्त्रींनी हात जोडून वर पाहिलं. नाना म्हणाले, "थांब, आज मीपण जोडतो. ते जास्तीचं मीठ मलाही खायचंय."