कोठ्यांमागचं ऑफिस

वायफाय पुन्हा गेलं तेव्हा मी टेबलावर अशी मूठ आपटली की पेनं खाली घरंगळली. आठवडाभर हेच चाललं होतं. हिंजवडीच्या एका कंपनीचं काम मी निमोण्यात, सासरच्या मधल्या खोलीत बसून करते. काल साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं, "स्नेहल, उद्याच्या मीटिंगमध्ये लाईन तुटली, तर सोमवारपासून ऑफिसला यायचं." निमोण्याहून हिंजवडीला रोज जाणं म्हणजे नोकरी सोडण्यासारखंच. नवऱ्याची, विक्रमची नोकरी रांजणगावात, त्यामुळं घर हलवायचाही प्रश्न नव्हता.

मीटिंगला अर्धा तास उरला होता. वायर बाहेरच्या खोलीपर्यंतच आल्यामुळं राउटर तिथंच होता. तो बंद करून चालू केला. शेजारची पोरं फुकट वापरत असतील म्हणून पासवर्ड बदलला. शेवटी केबलवाल्या नवनाथला फोन लावला.

"मॅडम, तुमच्या घरापातूर लाईन ओके हाय. घरातच कायतरी झालंय."

"घरात काय होणार? भुतं नाचतायत का?" मी फोन आपटला.

मग लॅपटॉप घेऊन घरभर फिरले. बाहेरच्या खोलीत सासरे, आबा, माणसं घेऊन बसलेले, म्हणून ओढणी डोक्यावर घेऊन गेले. तिथं रेंज फुल. उंबऱ्यात फुल. माझ्या खुर्चीवर येऊन बसले की गायब! मधे होतं काय? पत्र्याच्या तीन उंच कोठ्या, वर्षाच्या गव्हानं गच्च भरलेल्या. गेल्या आठवड्यापर्यंत त्या पडवीत होत्या; मी माहेरून परतले तेव्हा इथं आलेल्या, पण कामाच्या नादात तिकडं लक्षच दिलं नव्हतं.

"आई! ह्या कोठ्या इथं कुणी आणल्या?"

सासूबाई हात पुसत आल्या. "म्याच आणल्या. आपल्या गड्याला, दत्ताला हाताशी घेऊन. का गं?"

"सगळी रेंज अडवलीय यांनी! विचारायचं तरी! माझी नोकरी जाईल, कळतंय का तुम्हाला?"

त्यांचं तोंड एवढंसं झालं.

"गावच्या सोसायटीची निवडणूक हाय. आबांकडं दिसभर माणसं बसत्यात," त्या हळू बोलल्या. "तू उघड्या डोक्यानं बसती, हसती, इंग्रजी बोलती. हनुमंतआप्पा परवा बोललं कायतरी. पडदा लावला हुता, तर तो सारून पाणी मागाय येत्यात. म्हणलं, पोरीला आडोसा करावा. दर वेळी वढणी सांभाळत काम कसं करावं तिनं?"

राग होता तिथंच होता, पण तो काढायचा कुणावर? या बाईनं मला लपवलं नव्हतं, मोकळं बसवलं होतं. आणि त्यापायीच माझी नोकरी चालली होती. रडू यायला लागलं.

"आता कोठ्या रिकाम्या करायच्या म्हंजी दुपार व्हईल," त्या म्हणाल्या. "बाहीर रेंज हाय का?"

"आहे. पण बाहेर बैठक भरलीय."

त्यांनी माझी खुर्ची उचलली. या घरात बायका बाहेरच्या खोलीत जातात त्या चहा द्यायला, तोंडातून शब्द न काढता. सासूबाईंनी भरल्या बैठकीत मधोमध खुर्ची टेकवली.

"पाव्हणं, जरा वट्यावर बसा. सुनंचं हापिस हाय."

कुणी हलेना. हनुमंतआप्पांनी आबांकडं पाहिलं. "हौसराव, आता घरातल्या बायका उठवणार का आम्हाला?"

आबा जमिनीकडं बघत राहिले. मग त्यांनी टोपी चढवली. "चला आप्पा. वट्यावर वारं चांगलं हाय."

माणसं उठली. मी घाईघाईनं लॅपटॉप उघडला. हनुमंतआप्पा अजून दारात रेंगाळत होते, म्हणून सवयीनं ओढणी डोक्यावर ओढली. सासूबाईंनी ती खाली सारली.

"ऱ्हाऊ दे. डोक्याला त्ये कानातलं कसं लावशील मग?"

मी हेडफोन चढवला. "स्नेहल, आवाज येतोय का?" साहेबांनी विचारलं.

"येतोय, सर."

बाहेरून कुणीतरी पाण्यासाठी हाक मारली. सासूबाई तांब्या घेऊन उंबऱ्यात गेल्या, पाणी दिलं आणि माझ्याकडं पाठ करून तिथंच उभ्या राहिल्या. मीटिंग संपेपर्यंत दारातून कुणी आत आलं नाही.