तिसऱ्या सिलिंडरचा हादरा

मित्रांनो, मी एक जुनी हायब्रिड मोटार आहे. रंग पांढरा, मागच्या बंपरवर एक ओरखडा आणि पोटात दोन जीव. एक पेट्रोलचं इंजिन, दुसरी बॅटरीवर चालणारी मोटर. दोन डगरींवर पाय ठेवणाऱ्याची फजिती होते म्हणतात, माझं मात्र पोटच त्यावर आहे. सावकाश निघताना मी बॅटरीवर निघते, तेव्हा ना आवाज ना थरथर. इंजिन लागेल तसं आपलं आपण सुरू होतं आणि आपलं आपण बंद होतं.

पहिली आठ वर्षं मी सोलापूरच्या एका डॉक्टरांकडे होते. "आवाजच नाही हो हिला!" असं लोक म्हणायचे, आणि खोटं कशाला बोलू, मी त्या कौतुकानं जरा चढलेही होते. पुढे डॉक्टरांनी दुसरी गाडी घेतली आणि मी सगळी ड्रायव्हरच्या हवाली झाले. त्यानं दोन उन्हाळे माझ्या रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचं खारं पाणी ओतलं. एकदा औशाच्या रस्त्यावर मी इतकी तापले, की बॉनेटमधून वाफा निघाल्या. त्यानं मला सावलीला उभं केलं, निववलं, आणि कुणाला काही सांगितलं नाही.

मग लातूरच्या लुंबिनीताईंनी मला विकत घेतलं. त्या कोचिंग क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवतात. त्यांनी माझा रंग पाहिला नाही की अॅव्हरेज विचारलं नाही. ड्रायव्हरनं मला रस्त्यावर काढल्यावर सीटवर तळहात ठेवून त्या नुसत्या बसून राहिल्या. हात थरथरला नाही तेव्हा म्हणाल्या, "हीच पाहिजे."

त्याचं कारण त्यांची आई, पंचफुलाबाई. त्र्याण्णवच्या भूकंपात घर अंगावर आलं. नवरा जागीच गेला. तीन वर्षांच्या लुंबिनीला पोटाशी धरून त्या दगडमातीखाली दुपारपर्यंत पडून होत्या. नंतर लेकीला घेऊन लातूरला आल्या आणि विद्यार्थ्यांच्या मेसमध्ये चपात्या लाटू लागल्या. क्लासेस वाढले तशी मेसही वाढली. गावोगावची किती पोरं त्यांच्या चपात्या खाऊन डॉक्टर झाली असतील! पण पंचफुलाबाईंनी स्वतः इथं आल्यापासून लातूर सोडलं नव्हतं. एसटी उभ्या जागी थरथरू लागली, की त्यांचा श्वास कोंडायचा. जिथं जायचं तिथं त्या पायी जात.

आता जूनपासून लुंबिनीताईंना नांदेडच्या शाखेत जायचं होतं. आईला एकटं ठेवून त्या जाणार नव्हत्या, आणि आई कुठल्याच गाडीत बसणार नव्हती. म्हणून ही न हलणारी गाडी.

पहिल्या दिवशी पंचफुलाबाई माझ्यात बसल्या, बाजारातल्या गंजगोलाईपर्यंत जाऊन आल्या आणि उतरताना माझ्या दारावरून हात फिरवला. मित्रांनो, एवढं मोल मला कुणी दिलं नव्हतं.

ते सुख दोन महिने टिकलं. थंडीतल्या एका सकाळी ताईंनी बटण दाबलं, इंजिन सुरू झालं आणि माझं सगळं अंग गदगदा हललं. पंचफुलाबाई दार उघडून धावत बाहेर गेल्या आणि अंगणात दोन्ही हात जमिनीला टेकवून बसल्या. मिनिटभरात माझी थरथर थांबली, त्यांची थांबायला दुपार झाली. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

या दुखण्याला मिसफायर म्हणतात. सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, एक ठोका चुकतो आणि इंजिन हिसका देतं. पहिला गॅरेजवाला मला बघताच म्हणाला, "हायब्रिड हाय ना? मग बॅटरीच गेली." दुसऱ्यानं स्पार्क प्लग बदलले, तिसऱ्यानं प्लगला वीज देणाऱ्या कॉइल. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, तशातली गत. शिवाय गॅरेजपर्यंत जाईस्तोवर मी गरम होऊन अगदी शहाण्यासारखी वागायची. रोज सकाळचा हादरा मात्र चुकत नव्हता. पंचफुलाबाई लांब उभ्या राहून बघायच्या.

शेवटी मी मलप्पा मिस्त्रींकडे गेले. निलंग्याकडचा माणूस, बोलणं कमी. त्यांनी स्कॅनर जोडला. तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर झाल्याची नोंद होती. त्यांनी तिसरी कॉइल पहिलीच्या जागी लावली आणि पहिली तिसरीच्या जागी, आणि एक दिवस चालवून आणायला सांगितलं. नोंद पुन्हा तिसऱ्याचीच आली. म्हणजे कॉइल निर्दोष. मग त्यांनी प्लग काढले. बाकीचे तीन प्लग तपकिरी झाले होते, तिसऱ्या सिलिंडरचा मात्र घासून ठेवल्यासारखा लख्ख.

"ह्यो एकटाच कसा धुतल्यावानी?" मिस्त्री पुटपुटले. "पाणी शिरून राहिलं आत. पण रेडिएटरच्या पाण्याची टाकी तर काठोकाठ हाय."

तिथं त्यांचं घोडं अडलं. पाणी आत झिरपत असेल, तर टाकीतलं कमी व्हायला हवं. ते म्हणाले, "ताई, उद्या सकाळी मीच येतो घरी. मी येईपतूर कुणी हात लावायचा न्हाई."

सकाळी मलप्पा फाटकातून आत आले, तेव्हा माझं बॉनेट उघडं होतं. पंचफुलाबाई तांब्यानं माझ्या टाकीत पाणी घालत होत्या. पाणीसुद्धा जारचं, पिण्याचं. ज्या लातुरात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, तिथं त्या आपल्या पिण्यातलं मला पाजत होत्या.

"मावशी, रोज घालता?"

"हाव. रोज इत्तं इत्तं कमी हुतंय. दवाखान्यात न्यायचं तर उपाशी कसं न्यावं?"

मिस्त्री हसले नाहीत. लुंबिनीताई मात्र चिडल्या. "माय, महिनाभर मी गॅरेजं हिंडून राहिले! सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय करू? आनिक बिघाड निघाला तर इकून टाकते, असं तूच म्हणलीस. गाडी गेली की तुजं नांदेड गेलं. मला वाटलं, मीच भागवीन गुपचूप."

पंचफुलाबाई तांब्या हातात घेऊन पायरीवर बसल्या. मग कधी न काढलेला विषय त्यांनी आपणहून काढला.

"भूकंपाच्या आदल्या साली बी जमीन हलायची. भांडी वाजायची. पयल्यांदा लई भ्यालो. मग म्हणलं, चालायचंच. तुजे बाप म्हणायचे, दुसरीकडं जाऊ. मीच नगं म्हणलं." त्या थांबल्या. "आन् आता बी मी तेच केलं."

लुंबिनीताई शेजारी बसल्या आणि त्यांनी आईचा ओला हात धरला. मला बोलता आलं असतं, तर म्हणाले असते, बाई, जमीन तुमच्या सांगण्यानं हलली नव्हती.

मलप्पांनी रेडिएटरला हवेचा दाब देऊन मला दुपारपर्यंत तसंच ठेवलं. दाबाचा काटा हळूहळू उतरला आणि प्लगच्या भोकातून टॉर्चच्या उजेडात बघितलं, तर तिसरा सिलिंडर ओला. इंजिनाच्या डोक्याखालचं, पाणी अडवणारं गॅस्केट फुटलेलं होतं. औशाच्या रस्त्यावरची ती जुनी वाफ अशी बाहेर पडली. त्यांनी हेड उतरवून नवं गॅस्केट बसवलं, खाऱ्या पाण्याचा साका खरवडून काढला आणि कूलंट भरलं. जाताना म्हणाले, "मावशी, आता एक थेंब जरी कमी झाला तर घालू नका. मला सांगा."

जूनमध्ये आम्ही तिघी नांदेडला निघालो. पंचफुलाबाई मागे बसल्या, दाराची कडी घट्ट धरून. वाटेत रेल्वेचं फाटक लागलं तेव्हा माझं इंजिन आपलं आपण बंद झालं आणि फाटक उघडल्यावर सुरू झालं. ताईंनी आरशातून मागे पाहिलं.

"माय?"

"न्हाई हललं," पंचफुलाबाई म्हणाल्या. "चल तू. हललं तर सांगते मी."

मित्रांनो, आम्ही मुकी यंत्रं. आम्हाला हादऱ्याशिवाय दुसरी भाषा नाही. तुम्हाला मात्र तोंड आहे. दुखणं मायेनं झाकू नका, माझंही नाही आणि तुमचंही नाही.